लोखंड थांबतं, रबर थांबत नाही

सकाळी ६:४५

रबर बघायचं तर ऊन चढायच्या आत. तिरप्या उजेडात बारीक भेगांची सावली पडते. दुपारी वरून उजेड आला की त्याच भेगा काळ्यात काळ्या मिसळून जातात. म्हणून ऐरोलीच्या एमआयडीसीकडच्या बाजूची आमची शेड मी सातच्या आत उघडते. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रकची वर्दळ सुरू झालेली असते, पण गल्लीत अजून शांतता असते.

आज स्टँडवर चढवलेली गाडी आहे दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी. युद्ध संपल्यावर फौजांनी मागे ठेवलेल्या अशा जीप लिलावात निघाल्या आणि लोकांच्या तोंडी ‘डिस्पोजलची जीप’ झाल्या. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी माझगावात विलीजच्या जीप जुळवायला घेतल्या. त्यामुळे मुंबईच्या आसपास या जातीच्या गाड्या आणि त्यांच्यावर हात बसलेले मिस्त्री, दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कोपऱ्यात दुसरी गाडी उभी आहे, जबलपूरच्या लष्करी कारखान्यात बनलेली जोंगा. निसानच्या ‘पट्रोल’ गाडीच्या आराखड्यावर बेतलेली ही गाडी १९९९ पर्यंत बनत होती.

जीपचा पत्रा सडलाय, पण पत्र्याला घाई नाही. गंज खरवडून प्रायमर मारला की तो वर्षभर वाट बघतो. रबराचं तसं नाही. गाडी चालो न चालो, हवेतला ऑक्सिजन, ओझोन आणि ऊन त्याला खातच असतात. म्हणून गाडी आली की आधी रबराची पाहणी, मग बाकीचं.

सकाळी ७:३०

एकही भाग काढायच्या आधी फोटो. प्रत्येक रबर जागेवर असताना, आजूबाजूच्या बोल्टसकट. मग तारेनं पत्र्याचा बिल्ला अडकवायचा: कुठून काढलं, कुठली बाजू वर, कुठली कड आत. कागदाच्या चिठ्ठ्या ग्रीसमध्ये विरघळतात. उघडी तांब्याची तार मी रबराला कधीच बांधत नाही. तांबं नैसर्गिक रबराला विषासारखं आहे, ते ऑक्सिडेशन वाढवतं. साधी प्लॅस्टिक चढवलेली तार पुरते.

हाताखालचा मुलगा खाली सरपटत जातो आणि एकेक नाव ओरडतो: “ब्रेकचा होज पुढचा डावा... इंजिनाचं माउंटिंग... शॅकलचं रबर... बंप स्टॉप...” मी वहीत उतरवते. कुठे रबर समजून हात घातला तर चामडं निघतं. त्या काळचे बरेच ऑइल सील चामड्याचे असत. तेही नोंदवायचं, कारण त्या जागी आधुनिक रबरी सील बसवताना शाफ्टवरचा जुना ओरखडा आडवा येतो.

टेबलावर तीन ट्रे असतात. पहिल्यात जे बदलायचंच, दुसऱ्यात जे राखायचंच, तिसऱ्यात जे तपासून ठरवायचं. ज्या रबरावर माणसाचा जीव आहे ते पहिल्यात, मग ते कितीही धडधाकट दिसो. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोल, रस्त्यावर धावणारे टायर: यांत हळवेपणाला जागा नाही. ज्या रबरावर फक्त काळाची खूण आहे ते दुसऱ्यात, मग ते कितीही विद्रूप दिसो. जीर्णोद्धाराच्या कामात मला एवढंच सांगायचं असतं. चुका होतात त्या या दोन ट्रेंची अदलाबदल केल्यानं. कुणी सगळं नवं चकचकीत करून गाडीचा इतिहास कचऱ्यात टाकतो, तर कुणी ‘ओरिजिनल आहे’ म्हणून ऐंशी वर्षांचा ब्रेकचा कप तसाच ठेवतो.

सकाळी ९:००

तिसऱ्या ट्रेचं काम. आधी नखानं दाबायचं. नैसर्गिक रबर म्हातारं होताना बहुधा आधी चिकट आणि मऊ होतं, त्याच्या लांब साखळ्या तुटत जातात. कृत्रिम स्टायरीन-ब्युटाडाईन रबर उलट वागतं. त्यात नवे बंध तयार होत राहतात आणि ते कडक, ठिसूळ होतं. दोन्ही काळीच दिसतात, पण म्हातारपण वेगळं असतं.

या जीपमध्ये दोन्ही सापडतात, आणि त्याला कारण आहे. १९४२ च्या सुरुवातीला मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या ताब्यात गेले. अमेरिकेला मिळणाऱ्या नैसर्गिक रबरापैकी सुमारे ९० टक्के रबराची वाट बंद झाली. मग सरकारी पैशानं कारखाने उभे राहिले आणि ‘जीआर-एस’ या नावानं कृत्रिम रबर प्रचंड प्रमाणात बनू लागलं. रणगाड्यांच्या रबरी ठोकळ्यांच्या पट्ट्यांऐवजी पोलादी पट्ट्याही त्याच टंचाईतून आल्या. एका जीपवरचा कडक झालेला वॉशर आणि शेजारचा चिकट झालेला ग्रोमेट म्हणजे त्या टंचाईची नोंद आहे. ती नोंद कुठल्याही कागदावर नसते, म्हणून पुसू नये.

रबराचा कडकपणा मोजणारा शोअरचा गेज लावते. रेडिएटरचा होज नवा असताना साधारण ६० ते ७० दाखवतो. हा ९० च्या वर गेलाय, म्हणजे बुटाच्या टाचेहून कडक. पहिल्या ट्रेत.

पुढची परीक्षा तांब्याच्या तारेची. तार बर्नरवर लाल करायची, रबराला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर रबरात क्लोरीन आहे, म्हणजे बहुतेक निओप्रीन. १९३० च्या दशकात बाजारात आलेलं हे रबर तेलाला आणि ओझोनला नैसर्गिक रबरापेक्षा बरंच चांगलं तोंड देतं. आज वायरिंगच्या एका ग्रोमेटनं ज्योत हिरवी केली. तो अजून वाकतोय, भेग नाही. वायरचं कवच मात्र वितळलंय. वायर नवी, ग्रोमेट तोच. दुसऱ्या ट्रेत.

सकाळी १०:३०

गाडीचे मालक आलेत. साताऱ्याकडचे निवृत्त सुभेदार. गाडीभोवती एक चक्कर मारतात आणि थेट ट्रेकडे येतात.

“ताई, ब्रेकचे कप तर चांगले दिसतायत. मूळचेच असतील तर राहू देत की.”

“सुभेदारसाहेब, बसा. तुमच्यासमोरच उघडते.”

एमबीचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खालच्या बाजूला असतो, चिखलाच्या माऱ्यात. सर्किट एकच. आजच्या गाड्यांसारखी दोन स्वतंत्र सर्किटं नाहीत. एक कप फाटला की चारही चाकांचा ब्रेक एकदम जातो. उरतो फक्त हँडब्रेक, आणि तो चाकांना न धरता मागच्या शाफ्टला धरतो. पुढच्या चाकांचे सिलिंडर एक इंची, मागचे पाऊण इंची. या आठ-दहा रबरी कपांवर सगळी गाडी थांबते.

सर्क्लिप निघते, पिस्टन निघतो, कप निघतो. वरून गोल, गुळगुळीत. पण तो बोटांत धरून ओठ बाहेर वळवला की आतल्या कडेला केसासारखी भेग दिसते. दाब येतो तो नेमका याच कडेवर. मग ब्रेकचा होज उभा चिरते. बाहेरून कापडाची वीण शाबूत आहे. आत भोक सुईच्या जाडीएवढं उरलंय, भिंत फुगून आत आलीय. अशा होजमधून पायाच्या दाबानं ऑइल जातं, पण पाय काढल्यावर परत येत नाही. ब्रेक धरून बसतो, ड्रम तापतो.

सुभेदारसाहेब चिरलेला होज उजेडाकडे धरून बराच वेळ बघतात. “आमच्या वेळी घाटात ड्रम लाल झाला की आम्ही लायनिंगला शिव्या द्यायचो,” ते म्हणतात. “बदला. जुनं मला डब्यात घालून द्या.”

डब्यात घालून देणं हा आमच्या कामाचा भागच आहे. जुना कप, जुना होज, बिल्ल्यासकट. पुढे कुणाला मूळ माप, मूळ साचा बघायचा असेल तर तो गाडीबरोबरच मिळाला पाहिजे.

नवा कप घेताना दुकानात फक्त माप सांगून चालत नाही. रबर कुठलं, हे विचारावं लागतं. युद्धकाळच्या ब्रेक ऑइलमध्ये एरंडेल आणि अल्कोहोल असायचं. आजचं डॉट ३, डॉट ४ ग्लायकॉलचं आहे. त्याला ईपीडीएम रबर लागतं. नायट्राइल रबर इंजिन ऑइलला आणि पेट्रोलला उत्तम, पण ब्रेक ऑइलमध्ये फुगतं. ईपीडीएमचं नेमकं उलट. म्हणून मुलाला मी दाखवत असते: एकाच मापाच्या दोन रिंगा, एक नायट्राइल, एक ईपीडीएम, दोन्ही इंजिन ऑइलच्या वाटीत. दुसऱ्या दिवशी व्हर्निअर लावला की ईपीडीएमची रिंग खाचेत बसत नाही. मास्टर सिलिंडर भरताना डब्यातून थोडं जरी खनिज तेल गेलं, तर नवी किट गेली. तेलाचा हात लागलेलं नरसाळंसुद्धा मी ब्रेकजवळ येऊ देत नाही.

ग्लायकॉल हवेतली ओल शोषतं आणि खाडीकाठच्या पावसाळ्यात ती ओल मुबलक असते. म्हणून उभ्या असणाऱ्या गाडीचं ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदलायला सांगते. काहीजण सिलिकॉनचं डॉट ५ घालतात. ते ओल शोषत नाही, रंगही खात नाही. पण ते घालायचं तर सगळी रबरं नवी आणि सगळ्या नळ्या धुऊन कोरड्या हव्यात. ग्लायकॉलमध्ये ते मिसळायचं नाही.

दुपारी १:१५

डबा. शेजारच्या शेडमध्ये वेल्डिंग चालू आहे, म्हणून आमची रबराची कपाटं शेडच्या दुसऱ्या टोकाला, बंद दाराची. वेल्डिंगच्या आर्कमधून आणि मोटरच्या कार्बन ब्रशच्या ठिणग्यांतून ओझोन निघतो. ताणलेल्या रबराला तो ताणाच्या आडव्या रेषेत चिरतो. टायरच्या बाजूवरच्या भेगा बहुधा एकाच दिशेनं जातात त्या यामुळेच. ताण नसेल तर ओझोन फारसं काही करू शकत नाही. गाडी आली त्याच दिवशी ती स्टँडवर चढते आणि टायरांवरचा भार उतरतो, त्याचं कारण हेच.

दुपारी २:००

रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचे मोल्डवाले काका आहेत. बंप स्टॉप, म्हणजे स्प्रिंग दबल्यावर ॲक्सल चेसिसवर आपटू नये म्हणून लावलेले रबरी ठोकळे, बाजारात मिळतात, पण या गाडीच्या मापाचे नाहीत, आणि जे मिळतात ते टाकाऊ रबराचा चुरा मिसळलेले. ते हातात घेतलं तरी कळतं: वास वेगळा, दाबून सोडलं की परत यायला वेळ लावतात.

“काका, साठ-पासष्ट शोअर हवं. नैसर्गिक रबर. रिक्लेम अजिबात नको.”

“तुमच्यासाठी मिल धुवायला लागते ताई,” काका म्हणतात, आणि धुतातच.

दोन रोलच्या मिलवर रबराची चादर फिरत असते. त्यात कार्बन ब्लॅक जातं, झिंक ऑक्साइड, स्टिअरिक ॲसिड, शेवटी गंधक आणि त्याचं काम जलद करणारा ॲक्सिलरेटर. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णतेचं हे नातं सापडलं. तेव्हापासून मूळ कृती तीच आहे. बदललंय ते रबराला म्हातारपणापासून वाचवणाऱ्या रसायनांचं ज्ञान. ती रसायनं इथल्याच मातीतली आहेत, असं म्हणायला हरकत नाही. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या नोसिलमुळे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या नाक्याला नाव पडलं. हीच कंपनी रबरासाठीची रसायनं बनवते. तिचं ‘पिलफ्लेक्स १३’ म्हणजे सिक्सपीपीडी. ते रबराच्या पृष्ठभागावर येऊन ओझोनला आधी स्वतः भिडतं.

त्याच्या जोडीला मेण. उभ्या रबरावर मेणाचा पातळ पापुद्रा येतो आणि ओझोन आत जात नाही. पण रबर सतत वाकू लागलं की पापुद्रा फुटतो. धावणाऱ्या गाडीला सिक्सपीपीडीचा आधार जास्त, उभ्या गाडीला मेणाचा. संग्रहातली लष्करी गाडी अकरा महिने उभी असते आणि प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास धावते. म्हणून काकांना दोन्ही घालायला सांगते. नव्या रबरावर काही महिन्यांनी आलेली राखाडी झाक पाहून मालक घाबरतात आणि पॉलिश मारून घालवतात. ती घालवायची नसते. ते त्याचं कवच आहे.

साचा आम्ही जुन्या तुकड्यावरून बनवतो, पण जुनं माप जसंच्या तसं घेऊन चालत नाही. जुना बंप स्टॉप वर्षानुवर्षांच्या माराने बसलेला असतो. उंची चेसिसवरच्या खुणांवरून काढायची. शिवाय साच्यातून निघालेलं रबर गार होताना दीड-दोन टक्के आकसतं. साचा तेवढा मोठा कोरायचा.

प्रेस १५० अंशांच्या आसपास. घड्याळ लावून काका उभे राहतात. साचा उघडतो तेव्हा कडेनं फ्लॅशची झालर असते. ती कापताना काकांचा हात इतका सरळ चालतो की जोडाची रेघ शोधावी लागते. मी पहिला नग गार होऊ देते, गेज लावते: ६३. दुसरा साच्यातून निघाल्यावर मी मधोमध कापायला लावते. आत बुडबुडा किंवा कच्चा पट्टा नसेल तरच पुढचे नग. बंप स्टॉपच्या तळाशी आम्ही वर्ष कोरतो, वरून दिसत नाही अशा जागी. उद्या कुणी हा भाग १९४४ चा म्हणून विकू नये.

इंजिनाचं माउंटिंग मात्र काकांकडे एवढ्यात होत नाही. त्यात रबर लोखंडी पट्टीला घट्ट चिकटलेलं असतं. जुन्या काळी त्यासाठी पट्टीवर पितळेचा मुलामा देत, आज खास चिकटद्रव्य लावतात. पट्टी वाळूच्या माऱ्यानं साफ करून द्यायला सांगून निघते.

दुपारी ४:१५

शेडमध्ये परत, आता दुसरा ट्रे. जोंगाच्या ब्रेक आणि क्लचच्या पेडलवरची रबरं. उजवी कड झिजून सपाट झालीय, खाचा पुसल्यात. किती जवानांच्या बुटांनी हे केलं असेल ते ठाऊक नाही, पण बूट कुठून टेकायचा ते स्पष्ट दिसतं. ही रबरं बदलायची नाहीत. गाडी चालवायची असेल तेव्हा नवी चढवायची, उभी असेल तेव्हा हीच.

आधी साबणाच्या हलक्या पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवायचं. डिझेल, पेट्रोल, खोबरेल, टायरची चमक: काहीही नाही. यानं रबर तासभर सुंदर दिसतं आणि आतून फुगून कुजतं. गॅरेजमधली ही सवय मोडायला मी कंटाळत नाही.

एक रबर लाकडासारखं झालंय. ते विंटरग्रीन तेल आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या मिश्रणात काही दिवस राहील. विंटरग्रीन म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट, कंबरदुखीच्या मलमात असतं तेच. पोटात गेलं तर ते विषारी आहे, म्हणून हातमोजे, उघड्या खिडक्या आणि झाकण असलेला काचेचा डबा. रबर मऊ होतं, हे खरं. पण तुटलेले बंध जुळत नाहीत. रबर फक्त ते तेल पिऊन फुगतं, आणि तेल उडून गेलं की पुन्हा कडक होतं. भार, दाब किंवा तेल झेलणाऱ्या भागाला हा उपचार कधीच करायचा नाही. बघण्यासाठी ठेवलेला भाग बसवताना तुटू नये, एवढ्यापुरता त्याचा उपयोग.

जीपचा मूळ स्पेअर टायर, सहा-सोळाच्या मापाचा, धावणार नाही. पण त्याच्या बाजूवरची अक्षरं अजून वाचता येतात. तो आडवा, अंधारात, कापडात गुंडाळून, हवेविना. छोटे भाग हवाबंद डब्यात, ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्यांसह. पितळी आणि चांदीच्या वस्तू त्या डब्यात नाहीत, कारण रबरातून सुटणारं गंधक त्यांना काळं करतं.

संध्याकाळी ५:४५

पेट्रोलची ओळ. जुन्या गाड्यांचा सध्याचा मोठा प्रश्न इथं आहे. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचं प्रमाण गाठलं गेलं. एप्रिल २०२३ नंतर बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रबरं त्यासाठी बनवायला लागली. विलीज किंवा जोंगा बनवणाऱ्यांच्या मनातही हे इंधन नव्हतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, त्याच्यातला मऊपणा धुऊन नेतं, आणि टाकी कोरडी पडली की तेच रबर तडकतं. पंपाचा डायफ्राम, कार्बुरेटरचे वॉशर, टाकीपासूनचा होज: सगळं पहिल्या ट्रेत.

बदली फ्लोरोरबरची, नाहीतर इथेनॉल चालेल अशी खात्री लिहून दिलेल्या नायट्राइलची. ‘पेट्रोल पाइप’ म्हणून मिळणारा कुठलाही काळा पाइप नाही. रूप जुनं राहावं म्हणून आत नवा होज आणि वर सुती वीण चढवतो. मूळ दिसणं जपलं जातं आणि आग लागत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बुरेटर रिकामे करून द्या, हे सुभेदारसाहेबांना मी लिहूनच देते.

संध्याकाळी ६:३०

टाकाऊ रबर गोळा करायची वेळ. ते जाळायचं नाही, नाल्यात तर नाहीच. ऐरोलीची खाडी इथून फार लांब नाही. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये ते रामसर स्थळ झालं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की रबराला वाचवणाऱ्या सिक्सपीपीडीपासून ओझोनच्या संपर्कात बनणारा पदार्थ पाण्यात गेला की कोहो साल्मन मासे मरतात. जे रसायन माझ्या बंप स्टॉपला जास्तीची वर्षं देतं, त्याची धूळ पाण्यात जाऊ न देणं ही माझी जबाबदारी. घासल्याची भुकटीसुद्धा आम्ही पोत्यात भरून नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याकडे देतो.

संध्याकाळी ७:१५

शेवटचं काम वहीचं. प्रत्येक भागासमोर चार रकाने: कुठलं रबर, कुणी बनवलं, कधी बसवलं, कधी बदलायचं. कपाटातल्या सुट्या भागांनाही वय असतं. साठवणुकीच्या आंतरराष्ट्रीय मानकात नैसर्गिक आणि स्टायरीन रबराला सुरुवातीला ५ वर्षं, नायट्राइल आणि निओप्रीनला ७, ईपीडीएम, सिलिकॉन आणि फ्लोरोरबरला १० वर्षं धरली आहेत, तीही थंड आणि अंधाऱ्या जागेत. टायरवर चार आकडी तारीख असते, आठवडा आणि वर्ष. ब्रेकच्या कपावर बहुतेकदा काहीच नसतं, म्हणून ती वहीत असावी लागते.

अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १९९४ पासून चिलखती दलाचं रणगाडा संग्रहालय आहे. जगभरचे रणगाडे तिथे उघड्यावर उभे आहेत. शाळेची मुलं त्यांच्या चाकांना हात लावून बघतात, आणि लावावाच. रणगाड्याच्या चाकांवर रबराच्या पट्ट्या असतात. उन्हात उभ्या असलेल्या अशा कुठल्याही गाडीच्या खाली भार पेलणारा आधार, वर सावली आणि शेजारी रबराची नोंद असेल, तर ती गाडी आणखी दोन पिढ्यांना जशीच्या तशी दाखवता येते. तोफेच्या नळीला हे करावं लागत नाही. रबराला करावंच लागतं.

म्हणून जुनी लष्करी गाडी विकत घेणाऱ्या, संग्रहात ठेवणाऱ्या किंवा आजोबांची म्हणून जपणाऱ्या प्रत्येकाला माझी एकच मागणी आहे. आरसी बुक मागता तशी रबराची वही मागा. नसेल तर आजच पहिलं पान लिहा: ब्रेकचे कप कधी बदलले? उत्तर सापडलं नाही, तर गाडी सुरू करायच्या आधी ते बदला.